बियाणं तेच, खत तेच, पाऊस तोच. मग शेजाऱ्याचं पीक जास्त का?

चिखलवाट (धागाकर्ता)

प्रश्न साधा आहे, पण महिनाभर डोकं खातोय. माझं एक एकर रान, शेजाऱ्याचं एक एकर, मधे फक्त बांध. दोघांनीही मकाच केला. वाण एक, लॉट एक. दोघांच्या पिशव्या मीच आणल्या होत्या. खताच्या गोण्या मोजून सारख्या. पाऊस काही बांध बघून पडत नाही. मळणी झाली तेव्हा माझ्याकडे १८ क्विंटल भरले, त्याच्याकडे २४.

वडिलांचं म्हणणं, "त्याच्या हाताला गुण आहे." हे ऐकतच मी मोठा झालो, पण आता पटत नाही. गुण म्हणजे नेमकं काय? असेल तर मोजता यायला हवा.

म्हणून शोधत बसलो. अल्पभूधारकांच्या 'उत्पादन कार्यक्षमते'वरचे लेख सापडले. पानंच्या पानं समीकरणं आणि शेवटी एक वाक्य: अमुक भागातले शेतकरी सरासरी ७२ टक्के कार्यक्षम. मग उरलेले २८ टक्के आम्ही काय झोपा काढतो? जाणकारांनी उलगडून सांगावं. ज्यांनी स्वतः शेती केलीय त्यांनी अनुभव टाकावेत. उपदेश नको, तो घरी भरपूर मिळतो.

पावशेर

मजूर, पाणी, पैसा. झाला धागा. पुढचा घ्या.

आकडेशास्त्री

पावशेर, आयडी सार्थ केलात.

चिखलवाट, आधी त्या ७२ चा उलगडा. हा आकडा तुमचा आळस मोजत नाही. कल्पना फॅरेल या अर्थशास्त्रज्ञाची, १९५७ ची. त्याचं म्हणणं असं की कमी पडण्याची दोन वेगळी कारणं असतात, ती एकात कालवू नका. एक म्हणजे तेवढ्याच बियाण्यात, खतात, मजुरीत जेवढं निघायला हवं तेवढं निघालं नाही. ही तांत्रिक कार्यक्षमता. दुसरं, निघालं पुरेपूर, पण साधनांचं प्रमाणच भावाला धरून नव्हतं. मजूर महाग असताना मजूर लावले आणि खत स्वस्त असताना आखडता हात घेतला. ही वाटपाची. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण. तांत्रिक ०.८ आणि वाटपाची ०.७५ असेल तर एकूण ०.६. दोन्हीकडे बरा दिसणारा माणूस एकूणात साठावर येतो तो असा.

आता 'निघायला हवं' म्हणजे किती? ते प्रयोगशाळेत ठरत नाही. पाहणीत जे शेतकरी आहेत त्यांतले तेवढ्याच साधनांत सर्वांत जास्त काढणारे धरून एक सीमारेषा आखतात. ७२ म्हणजे त्या रेषेच्या ७२ टक्के. त्यामुळे वाढीला वाव २८ टक्के नाही, ३९ टक्के आहे (१०० भागिले ७२ करून बघा). आणि दुसऱ्या कुठल्या भागातले लोक ८५ टक्के निघाले म्हणून ते तुमच्याहून शहाणे ठरत नाहीत. त्यांची रेषा वेगळी. कदाचित तिथे सगळेच सारखे मागे असतील, म्हणून अंतर कमी.

रेषा आखणाऱ्यांची दोन घराणी आहेत. एक १९७७ चं: एग्नर, लव्हेल आणि श्मिट यांनी मांडलेलं, आणि त्याच वर्षी म्यूसेन आणि व्हान डेन ब्रूक यांनीही स्वतंत्रपणे मांडलेलं. ते म्हणतं, रेषेपासूनच्या अंतरात गारपीट, कीड, मोजणीतली चूक असं नशीबही असतं आणि खरी अकार्यक्षमताही. दोन्ही वेगळं काढू. दुसरं १९७८ चं: चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांचं. मूळ रूपात ते नशीब मानतच नाही, सगळं अंतर शेतकऱ्याच्या माथी मारतं. त्यात एखाद्याला त्या वर्षी लॉटरी लागली की तोच आदर्श आणि बाकीचे नापास.

अंतर का पडतं, हा तुमचा प्रश्न, बॅटीस आणि कोएली यांनी १९९५ मध्ये त्याच समीकरणात बसवला. त्यांचं उदाहरण भारतातल्याच एका गावच्या भातशेतकऱ्यांचं होतं. तेव्हापासून जगभर याच साच्यातून अभ्यास निघताहेत. वय, शिक्षण, घरातली माणसं, कर्ज, सल्लागाराच्या भेटी, जमिनीचे तुकडे. गाव बदलतं, यादी तीच.

नांगरट

एवढं वाचून एकच कळलं, शेतकऱ्याला शिकवायला हवं. युरिया कधी टाकायचा माहीत नाही, माती तपासलेली नाही, बियाण्याची उगवण बघितलेली नाही, आणि मग शेजाऱ्याच्या हाताला गुण! कडू वाटेल, पण खरं आहे.

आकडेशास्त्री

नांगरट, हा वाद जुना आहे. १९६४ मध्ये थिओडोर शुल्त्झ यांनी नेमकं उलटं म्हटलं होतं: पारंपरिक शेतकरी गरीब आहे पण कार्यक्षम आहे. हाताशी जेवढं आहे त्यातून तो जवळजवळ सगळं पिळून काढतो, गरिबी येते ती हाताशी जे आहे तेच तोकडं असल्यामुळे. आधार होता ग्वाटेमालातल्या पानाखाचेल आणि भारतातल्या सेनापूर या गावांच्या अभ्यासांचा. पुढे १९७९ मध्ये आर्थर लुईस यांच्याबरोबर त्यांना नोबेलही मिळालं.

पण शुल्त्झचं हे म्हणणं अशा शेतीबद्दल होतं जिथे पिढ्यानपिढ्या काही बदललेलं नाही. तिथे शिकायचं ते सगळे शिकून बसलेले असतात. नवीन वाण, नवीन खत आलं की घडी विस्कटते आणि जो लवकर सावरतो तो पुढे जातो. शिक्षणाचा फायदाही तिथेच दिसतो. लॉकहीड, जेमिसन आणि लाऊ यांनी १९८० मध्ये तोवरचे अभ्यास गोळा केले, तेव्हा चार वर्षांच्या प्राथमिक शाळेने उत्पादन सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास जास्त दिसलं. पण ती सरासरी फसवी आहे. शेती बदलत होती तिथे फायदा चांगला, आणि जिथे वर्षानुवर्षं तीच पद्धत तिथे जवळजवळ नाहीच. तेव्हा 'शिकवा' हे उत्तर अर्धं आहे. काय शिकवा, हे आधी सांगा.

खुरपं

नांगरटदादा, युरिया कधी टाकायचा हे मला पाठ आहे. तरी चुकलं. कसं ते सांगते.

मक्याचं रान पहिले पाच-सहा आठवडे स्वच्छ ठेवायचं, मग पीकच तणाला दाबतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्या वर्षी पीक तीन आठवड्यांचं झालं आणि झड लागली. उघडीप झाली, वाफसा आला, तो सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी. मजूरही सगळ्यांना एकाच दिवशी हवे. मोठ्या रानवाल्यांकडे आठवडाभराचं काम, माझ्याकडे दीड दिवसाचं. बायका कुठे जातील? आणि खरं सांगू, मीही त्यांच्यातच होते. हातात पैसा नव्हता, म्हणून मजुरीला दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले. माझ्या रानात तण वाढत होतं आणि मी दुसऱ्याचं काढत होते.

अकराव्या दिवशी माझ्या सरीत बसले. लव्हाळा मक्याच्या मुळात असा गुंतलेला, की तण उपटलं की शेजारचं रोप हलायचं. एका हाताने रोप धरायचं, दुसऱ्याने खुरपं चालवायचं. दीड दिवसाचं काम चार दिवस चाललं. खुरपणीनंतर युरिया, म्हणून युरियाही लांबला. टाकला आणि वर कडक ऊन. मातीआड करायला माणूस नव्हतं. ओल्या मातीवर उघडा पडलेला युरिया, दुसऱ्या दिवशी रानात नुसता उग्र वास. पिकाला द्यायचं ते वाऱ्याला दिलं.

खत तेवढंच. मजुरीचे दिवस तर जास्तच. आकडेशास्त्रींच्या तक्त्यात माझ्या नावापुढे काय येईल? साधनं पूर्ण, उत्पन्न कमी. अकार्यक्षम. तुमच्या तक्त्यात तारखेचा रकाना असतो का हो?

आकडेशास्त्री

ताई, बहुतेक तक्त्यांत नसतो. खत किती किलो ते विचारतात, कितव्या दिवशी ते क्वचित. जे मोजलं नाही ते सगळं शेवटी 'अकार्यक्षमता' या खात्यात जाऊन बसतं: मातीचा पोत, तारखा, बियाण्याची प्रत. या विषयातली सगळ्यात मोठी दुखरी जागा तुम्ही एका वाक्यात दाखवलीत. मी इतक्या वर्षांत ती पाच परिच्छेदांतही नीट मांडू शकलो नाही.

नांगरट

खुरपं ताई, माझा प्रतिसाद घाईचा होता. पण मग हे सुटणार कसं? मजूर तर वाढवून मिळणार नाहीत.

खुरपं

मला माहीत असतं तर इथे कशाला लिहीत बसले असते? :)

पण एवढं कळलं की गरज खुरपणी शिकवण्याची नव्हती. पैसे दहा दिवस आधी हातात असते तर मी मजुरीला गेलेच नसते.

कोरडवाहू

खुरपं म्हणतात तो पैशाच्या वेळेचा मुद्दा पश्चिम केनियात तपासून झालाय. दुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन यांचे प्रयोग. तिथले मका करणारे छोटे शेतकरी म्हणायचे, पुढच्या हंगामाला खत घ्यायचंय. पण हंगाम येईपर्यंत पैसा दुसरीकडे गेलेला असायचा. मग काढणी झाल्या झाल्या, हातात पैसा असतानाच, खत घरपोच देण्याची सोय ठेवली. सवलत म्हणाल तर वाहतुकीपुरती. खत वापरणारे बऱ्यापैकी वाढले. (२०११ चा निबंध आहे.)

त्यांचाच त्याआधीचा, २००८ चा प्रयोग मला जास्त आवडतो. मका उभा असताना प्रत्येक ठोंबाला अर्धा चमचा खत. एवढंच चांगलं परवडत होतं. सरकारी शिफारशीचं सगळं पॅकेज, म्हणजे संकरित बियाणं, पेरणीचं खत आणि वरखत, सरासरी शेतकऱ्याला परवडत नव्हतं. म्हणजे 'शिफारस पाळत नाहीत' म्हणून ज्यांना नावं ठेवली जात होती, त्यांचा हिशेब बरोबर होता!

आता माझा मुद्दा: जोखीम. पावसाचा भरवसा नसला की गरीब माणूस कमी धोक्याचं, म्हणून कमी उत्पन्नाचं पीक धरतो. खत निम्मंच टाकतो, कारण पाऊस दडी मारून बसला तर टाकलेलंही जायचं. रोझेनझ्वाइग आणि बिन्सवांगर यांनी १९९३ मध्ये भारतातल्या खेड्यांच्या आकडेवारीवरून हेच दाखवलं. पावसाच्या बेभरवशाची किंमत तळच्या घरांनी मोजली, वरच्यांना फारसा फरक पडला नाही. घानात २०१४ च्या एका अभ्यासात काही शेतकऱ्यांना रोख रक्कम दिली, काहींना पाऊसविमा. शेतात जास्त गुंतवणूक कोणी केली? विमावाल्यांनी. अडत होतं ते पैशापेक्षा भीतीपाशी.

बाहेरून बघणाऱ्याला हे 'कमी कार्यक्षम' दिसतं. माझ्या मते ती विम्याची फीच आहे, फक्त पावती मिळत नाही.

पावशेर

पैसा म्हणालो होतो मी. पहिल्याच प्रतिसादात.

ओंजळ

सगळे एकेका शेतकऱ्याचं बोलताहेत. एका घरात दोन तुकडे असले, एक त्याचा, एक तिचा, तर?

बुर्किना फासोमध्ये अशी पद्धत आहे की एकाच घरातले नवरा-बायको वेगवेगळे तुकडे कसतात. क्रिस्तोफर उड्री यांनी १९९६ मध्ये त्याचा हिशेब मांडला. घर तेच, पीक तेच, वर्ष तेच, तरी बायकांच्या तुकड्यांवर उत्पन्न सुमारे ३० टक्क्यांनी कमी. बायका कमी कष्टाळू म्हणून? नाही. शेणखत आणि माणसं पुरुषांच्या तुकड्यांवर ओतली जात होती. एकाच जागी ओतत राहिलं की पुढच्या प्रत्येक पाटीचा फायदा घटत जातो. तीच पाटी तिच्या तुकड्यावर पडली असती तर जास्त पिकवून गेली असती. निव्वळ वाटणीच्या चुकीमुळे जाणारं उत्पादन त्यांनी ६ टक्क्यांच्या घरात काढलं.

वाचलं आणि मला आमचा उकिरडा आठवला. खताची गाडी पहिल्यांदा कुठे जायची आणि उरलंसुरलं कुठे, हे घरात कोणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मी दोन वर्षं पाट्या मोजल्या. मोठ्या तुकड्याला गाड्या, माझ्या भुईमुगाला अकरा पाट्या. आणि जेवताना चर्चा, "हिचा भुईमूग पोसत का नाही?"

अर्धेलीवाला

आम्हाला विसरू नका. जमीन दुसऱ्याची, निम्मं पीक त्याचं, घाम सगळा माझा. एक जादा पाळी कोळपली आणि दोन पोती वाढली तर माझ्या वाट्याला एकच. मग ती पाळी मी कोळपू का? अर्थशास्त्रज्ञ याला आल्फ्रेड मार्शल या त्यांच्यातल्याच एका जुन्या माणसाचं नाव देतात. आम्ही नाव देत नाही, बैल सोडतो आणि घरी येतो.

वाटेकरी मुळात कामचुकार असतात असं म्हणणाऱ्यांसाठी: रॅडवान शाबान यांनी १९८७ मध्ये भारतातल्या कोरडवाहू गावांची आकडेवारी घेऊन असे शेतकरी निवडले ज्यांच्याकडे स्वतःची जमीनही होती आणि वाट्याचीही. माणूस एकच, हात तेच. स्वतःच्या तुकड्यात मेहनतही जास्त आणि पीकही जास्त. ओलिताचा आणि मातीचा फरक वजा करूनही. मग कामचुकार कोण, माणूस की करार?

पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून वाटेकऱ्यांची नोंदणी झाली, जमीन सहजी काढून घेता येणार नाही असं झालं आणि वाटाही ठरवून मिळाला. बॅनर्जी, गर्टलर आणि घटक यांनी २००२ मध्ये तपासलं, तर उत्पादकता वाढलेली होती. ना नवीन बियाणं, ना प्रशिक्षण.

आणखी एक. अकरा महिन्यांच्या तोंडी बोलीवर कोण शेणखत घालील? त्याचा गुण उतरायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मी असेन कुठे?

नांगरट

अवांतर: मोठं रान म्हणजे जास्त कार्यक्षम, हे तरी खरं ना? यंत्रं परवडतात, खत घाऊक मिळतं.

फीतवाले

अवांतर नाही, उलट मूळ मुद्द्याला हात घातलात. मी वाचनमात्र असतो, पण आता राहवत नाही.

अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये भारतातल्या शेती-पाहण्यांवरून उलटी गोष्ट दाखवली: रान जितकं लहान तितकं एकरी उत्पन्न जास्त. रशियात चायानोव यांनी त्याच्या कितीतरी आधी कारणमीमांसा केली होती. लहान रानात घरची माणसं राबतात आणि घरच्या माणसांची मजुरी कोणी धरत नाही, म्हणून शेवटच्या कणसापर्यंत राबतात. पुढची पन्नास वर्षं या 'उलट्या नात्या'वर ढीगभर निबंध झाले.

मग काही जणांनी साधी शंका काढली. रान किती आणि पीक किती, हे शेतकऱ्याला विचारून लिहिलेलं, मोजलंय कोणी? इथिओपियात शेतातला चौरस आखून, तेवढंच पीक कापून वजन केलं, तर नातं नाहीसं झालं. युगांडात मक्यावर हेच. लहान तुकडेवाले पीक वाढवून सांगत होते. मुद्दाम नाही हो. पोती सगळी सारखी भरत नाहीत, ओल्या कणसाचं वजन वेगळं, आणि सांगताना माणूस पूर्णांकात सांगतो. क्षेत्राचंही तसंच. लहान तुकडा आहे त्याहून मोठा सांगितला जातो आणि मोठा आहे त्याहून लहान.

जगात २ हेक्टरपेक्षा लहान शेतं ८४ टक्के आहेत, त्यांच्याकडे शेतजमीन जेमतेम १२ टक्के, आणि जगाच्या अन्नाचा साधारण ३५ टक्के वाटा तिथून येतो. अशा शेतांवर धोरणं ठरतात आणि मोजमापाची ही तऱ्हा.

तेव्हा चिखलवाट, सगळे तुम्हाला कारणं देताहेत. मला एकच विचारायचंय. दोन्ही रानं एकेक एकर आहेत, हे कोणी सांगितलं?

चिखलवाट (धागाकर्ता)

कागद सांगतो. आजोबांपासून सगळे सांगतात.

फीतवाले

कागद पिकत नाही. फीत लावा.

चिखलवाट (धागाकर्ता)

(तीन दिवसांनी)

लावली. शेजारी आधी हसला, मग फितीचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

माझं पेरलेलं रान ०.९ एकर भरलं. कोपऱ्यात दगडांची रास आहे, जांभळाखाली काही येत नाही, आणि वडिलांनी कधीतरी बांध आत घेतला होता म्हणे. त्याचं १.०५ एकर. आता भागाकार करा. माझे १८ म्हणजे एकरी २०. त्याचे २४ म्हणजे एकरी २२.८६. सहा क्विंटलांचा फरक तिनाच्या आत आला!

निम्मा गुण फितीतच होता. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बांध मीच आत घेतला होता, भांडण नको म्हणून." विषय संपला.

आकडेशास्त्री

झकास. आता उरलेले पावणेतीन. धसकटं अजून रानात उभी आहेत का? असतील तर नांगरू नका. ओळीत १० मीटर फीत टाका आणि धसकटं मोजा. दोन्ही रानांत पाच-पाच ठिकाणी. जागा डोळे मिटून निवडा, चांगलीचुंगली बघून नको.

का सांगतो ते ऐका. इंडोनेशियात समुद्री शेवाळ पिकवणारे शेतकरी आहेत. शेवाळाचा छोटा तुकडा दोरीला बांधून समुद्रात सोडायचा, वाढला की काढायचा. किती अंतरावर बांधायचा हे त्यांना पाठ. पण तुकडा केवढा बांधता असं विचारलं तर बहुतेकांना सांगताच येईना. ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आणि उत्पन्नाला फरक पडत होता तो त्या आकारानेच. खरी गंमत पुढे आहे. त्यांच्याच दोरीवर चाचणी घेतली, डोळ्यांदेखत वाढ दिसली, तरी पद्धत बदलली नाही. 'तुमच्या चाचणीत या आकाराला इतकं मिळालं' असं समोर मांडून दाखवलं तेव्हाच बदलली. हॅना, मुल्लइनाथन आणि श्वार्ट्झस्टाइन, २०१४. माहिती समोर असते, नजर नेमकी दुसरीकडे असते.

तुम्ही गोण्या मोजल्या, पिशव्या मोजल्या. रोपं मोजली होती का?

चिखलवाट (धागाकर्ता)

नाही. कधीच नाही. शेजाऱ्यानेही नाही.

आज मोजली. दोन ओळींत ६० सेंटिमीटर, दोन रोपांत २०, म्हणजे १० मीटरला ५० रोपं हवीत. माझ्याकडे सरासरी ३९. त्याच्याकडे ४५. माझ्या रानात एका जागी तर हातभर लांब मोकळी ओळ होती. उभ्या पिकात पानं पसरलेली, कधी दिसली नाही. आता टकलासारखी दिसते.

नांगरट

३९ भागिले ४५ म्हणजे ०.८७. आणि २० भागिले २२.८६ म्हणजे ०.८७५. सगळा हिशेब जुळला की!

आकडेशास्त्री

इतका जुळला की मला शंका येते. रोप विरळ असलं की शेजारचं कणीस थोडं जास्त भरतं, म्हणून रोपं जितकी कमी तितकंच पीक कमी, असं होत नाही. बाकी काहीतरी छोटंमोठं असणारच. पण मुख्य चोर हाच दिसतोय. पुढचा प्रश्न उगवणीचा. पेरणी कधी केलीत?

चिखलवाट (धागाकर्ता)

त्याच्यानंतर नऊ दिवसांनी. 'बियाणं तेच, खत तेच' लिहिताना हे लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खुरपं ताईंनी तारखेच्या रकान्याचं विचारलं तेव्हा पहिल्यांदा चरकलो.

त्याची स्वतःची बैलजोडी. वाफसा आला त्या सकाळी त्याने तिफण जुंपली. मी पेरणी यंत्र भाड्याने सांगितलं होतं. यंत्रवाल्याने आधी मोठी रानं घेतली. त्याचंही चूक नाही. एका एकरासाठी वाट वाकडी करून यायला त्याला डिझेल परवडत नाही. माझी पाळी आली तेव्हा वरची ओल उडाली होती. ओल गाठायची म्हणून त्याने दाते खोल लावले आणि पुढच्या रानाची घाई म्हणून यंत्र पळवलं. काही बी खोल गेलं ते वर आलंच नाही, काही ठिकाणी पडलंच नाही.

नांगरट

आठवड्याभरात नांगे, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, भरले असते तरी सावरलं असतं.

चिखलवाट (धागाकर्ता)

तेव्हा माझी रात्रपाळी होती, नांगरटदादा. शेतीच्या पिशव्या ज्या पगारातून आल्या तीच नोकरी. सकाळी यायचो, बांधावरून बघायचो, हिरवं दिसायचं, झोपायचो. नांगे बांधावरून दिसत नाहीत, ओळीत वाकावं लागतं.

खुरपं

म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच. दुसरीकडे राबून आणलेल्या पैशाने आपलं रान चालवायचं आणि आपल्या रानाला वेळ नाही.

कोरडवाहू

पुढच्या वेळी चार-पाच छोट्या रानवाल्यांनी मिळून यंत्र सांगा. सलग पाच एकर म्हटलं की यंत्रवाला वाट वाकडी करतो. आम्ही असंच करतो. फक्त पहिलं रान कोणाचं यावरून भांडण होतं, ते चिठ्ठ्या टाकून मिटवतो.

चिखलवाट (धागाकर्ता)

शेजाऱ्याशी बोललो. त्याची तिफण मोकळी झाली की दुसऱ्या दिवशी माझ्या रानात, बदल्यात मी त्याला मळणीचे दोन दिवस. शिवाय ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवलेत, उरलेल्या बियाण्याची उगवण बघायला. चौथा दिवस आहे, ८१ ला मोड आलेत. पेरताना ते पंच्याण्णव होते की तेव्हाही ऐंशी, आता कसं कळणार?

पावशेर

मजूर, पाणी, पैसा. मी म्हटलंच होतं.

चिखलवाट (धागाकर्ता)

पावशेर, पाणी दोघांना सारखंच होतं.

पावशेर

बरं. मजूर, पैसा. आणि फीत.